जपानमध्ये पारंपरिक तलवार बनवणाऱ्याची कार्यशाळा बघता येते का? आपल्या गावच्या लोहारासारखं नको, खरी कारागिरी बघायची आहे. येताना एखादी कटाना आणता येईल का?

बघता येते. नागोयाकडे असाल तर सेकी, ओकायामाकडे असाल तर ओसाफुने. दोन्ही ठिकाणच्या तलवार-संग्रहालयांत ठरावीक रविवारी घडाई करून दाखवतात. तलवारीचा नाद सोडा. तिकडून न्यायला सरकारी परवानगी, इकडे आल्यावर शस्त्र कायदा. सेकीचा स्वयंपाकघरातला चाकू घ्या, जन्मभर पुरेल.

आता 'गावच्या लोहारासारखं नको' याबद्दल. माझे आजोबा साताऱ्याकडच्या एका गावचे लोहार. फाळ, खुरपी, कोयते, पहारी.

नागोयात नोकरीला असताना एका जपानी सहकाऱ्याच्या ओळखीनं एका तलवारवाल्याच्या घरच्या भट्टीवर गेलो होतो. पोलादाला हजार घड्या घालतात वगैरे ऐकलं असेल तर विसरा. घड्या दहा-पंधराच असतात, पण दरवेळी पदर दुप्पट होतात, म्हणजे दहाव्या घडीला 1024. पोलाद 'तामाहागाने'. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत लोखंडाची वाळू मातीच्या भट्टीत तीन दिवस-रात्र कोळशासोबत तापवून ते काढतात. ती भट्टी 1977 साली पुन्हा पेटवली. परवाना मिळायला निदान पाच वर्षं उमेदवारी, आणि मिळाला तरी महिन्याला लांब तलवारी दोनच. आमच्या आजोबांकडे ट्रकचे जुने पाटे असायचे आणि सुगीच्या तोंडावर दारात रांग.

तो तलवारवाला भट्टीपाशी बसलेला, हातात छोटी हातोडी. समोर दोन शिकाऊ पोरं घण घेऊन उभी. ऐरणीवर पाणी शिंपडून पहिला घाव पडला तेव्हा बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि पोलादावरची काळी खपली उडाली. मी दचकलो, पण लक्ष हातोडीकडे होतं. ती फक्त जागा दाखवत होती. टिक, की त्या जागी घण. ऐरणीच्या कडेला नुसतं टिंग झालं, की दोघं थांबले.

आमच्याकडे घण आजी मारायची. आजोबांची टिचकी, आजीचा घाव, कडेला टिंग, की आजी पदरानं तोंड पुसायची. तोंडातून शब्द नाही. दिवसभरात दोघं भांडत नसत ती तेवढीच वेळ.

शेवटी त्यानं एका साध्या लोखंडाच्या तुकड्यावर मलाही घण मारू दिला. पहिला घाव वाकडा गेला, पुढचे चार-पाच जागेवर पडले. त्यानं सहकाऱ्यामार्फत विचारलं, आधी केलंय का? म्हटलं, आजोबा लोहार होते. तो उठून उभा राहिला, वाकला. मग विचारलं, त्यांची ऐरण आता कुणाकडे आहे?

मी म्हणालो, घरी आहे.

घरी नव्हती. आजोबा गेल्यावर वर्षाच्या आत काकांनी ती भंगारात घातली. भाता आधीच उंदरांनी खाल्ला होता. काकांचं म्हणणं आजही तेच, 'लोखंडच ते, पूजा करायची होती का?' अहो काका, दर खंडेनवमीला आजोबा तेच तर करायचे. तलवारवाल्याच्या भट्टीच्या वरही एक छोटा देव्हारा होता.

तेव्हा विचारणाऱ्या भाऊ, विमानाचं तिकीट काढायच्या आधी गावात लोहार उरला असेल तर त्याच्याकडे एक तास बसून या. कोयत्याला पाणी कसं देतात ते बघा. तलवारीला पाणी देतात ते अंधारात, तापलेल्या पात्याचा रंग नीट कळावा म्हणून. पाठीवर मातीचा लेप जाड, धारेवर पातळ, आणि पाण्यात जाताच पातं वाकतं. ते सहसा पाहुण्यांना बघायला मिळत नाही, मलाही मिळालं नाही.

हो, राहिलंच. सुती कपडे घाला, माझ्या नायलॉनच्या जॅकेटला ठिणग्यांनी सात भोकं पाडली. पात्याला बोट लावू नका, तलवार ओलांडू नका. मी जाऊन आलो त्याला बरीच वर्षं झाली, रविवार कोणते ते आधी विचारून घ्या.

काकाही हे वाचतात, म्हणून लिहून ठेवतो: ऐरण उचलायला चार माणसं लागली होती. भंगारवाल्यानं किती दिले, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.