लेख पाठवताय? आधी हे वाचा

प्रश्न : भीमगडच्या जंगलावर लिहायचं आहे. लेख पूर्ण करून पाठवू की आधी विचारू? (खानापूर)

कथा-कविता पूर्णच पाठवतात, लेखाचं मात्र आधी विचारावं. दीडशे शब्दांचं पत्र पुरतं. ‘भीमगडचं निसर्गवैभव’ एवढंच कळवलंत तर उत्तराची वाट बघत बसाल. असं लिहून बघा :

‘स.न.वि.वि. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. इथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. जगात ते फार थोड्या ठिकाणी सापडतं. शेजारच्या गावकऱ्यांना या वटवाघळाचं काय वाटतं, यावर 1,500 शब्द आणि तीन फोटो 20 जूनपर्यंत देऊ शकेन. गावातल्या चौघांशी बोलणं झालं आहे, वनखात्याशी व्हायचं आहे.’

वनखात्याचं राहिलंय हे लपवू नका, संपादक विचारतातच. दिवाळी अंकासाठी हे पत्र मे महिन्यात जाऊ द्या. गणपतीच्या दिवसांत पाठवाल तर अंकाची पानं लागत आलेली असतात.

प्रश्न : दोन महिने झाले, उत्तर नाही. दुसरीकडे पाठवू का? (निपाणी)

पाठवा, पण आधी पहिल्या अंकाला ‘लेख मागे घेत आहे’ अशी एक ओळ लिहून मगच. एकच लेख दोन दिवाळी अंकांत आला की दोन्ही दारं बंद होतात. आठवण करायची ती एकदाच, महिन्याभरानं, लेखाचं नाव आणि पाठवल्याची तारीख घालून. फोन नकोच.

प्रश्न : शहापुरातल्या मागावरच्या माझ्या कथेत ‘काय करायलास?’चं ‘काय करतोयस?’ झालं! शिवाय मजकूर कापला तो वेगळाच. (शहापूर)

यातली पहिली तक्रार रास्त आहे. पुण्यामुंबईच्या मुद्रितशोधकाला आपली बोली टंकनाची चूक वाटते, आणि तो बिचारा इमानानं ती दुरुस्त करतो. कथेसोबत वेगळ्या कागदावर लिहा : ‘संवाद बेळगावकडच्या बोलीत आहेत, तसेच ठेवावेत.’ खाली धोटा, कांडी अशा आठ-दहा शब्दांचे अर्थ द्या. आणि बोली सगळीकडे सारखी ठेवा. एका पानावर ‘करायलास’ आणि पुढच्या पानावर त्याच माणसाच्या तोंडी ‘करतोयस’ आलं, तर दुरुस्तीचा दोष मुद्रितशोधकाला देता येत नाही.

गावाच्या नावाचंही तेच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे, मराठी लेखनात आपण बेळगाव लिहितो. एकाच लेखात दोन्ही आली की कुणीतरी सरसकट बदलतो, आणि मग जुन्या संस्थांची नावंही बदलून जातात.

कापाकापीचं म्हणाल, तर 1,500 शब्द मागितले असताना 2,400 पाठवले की कात्री चालणारच. कुठे चालवायची हे तुम्हीच सुचवा. वगळता येतील असे दोन परिच्छेद खूण करून द्यायचे.

प्रश्न : टाइप करून पाठवलेला लेख त्यांच्याकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडला. (बेळगाव)

दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप झाला असणार. तो फाँट समोरच्या संगणकावर नसला की असंच होतं. युनिकोडमध्ये टाइप करून घ्या आणि वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा. फाँट बदलताना रफार आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडतात, ते पीडीएफशी ताडून बघता येतं. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की लहान होतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलनं पाठवा.

प्रश्न : मानधन घेतलं की लेख त्यांचाच झाला का? (चिकोडी)

नाही. तुम्ही पगारी नोकर नसाल आणि लेखी करार नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क तुमचाच राहतो. करार असून त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांपुरताच दिला असं धरतात. स्वीकृतीच्या उत्तरातच मानधन किती, कधी आणि लेखकाला अंकाच्या किती प्रती, हे विचारून टाका. अंक निघाल्यावर विचारायला अवघड वाटतं, आणि द्यायला त्याहून अवघड.