साडेचार वर्षांचा घास

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मी त्याला मुद्दाम माँटेसरी पद्धतीच्या बालमंदिरात घातलं. तिथे मुलं आपापलं काम निवडतात. हा महिनाभर एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओततोय. सासूबाई म्हणतात, "परदेशी खूळ! पाणी ओतायला एवढी फी?" शेजारचा मुलगा शंभरपर्यंत आकडे लिहितो. आता हेही शाळा बदलू म्हणतात. रोज रात्री त्याला भरवता भरवता हाच वाद. दोघांना कसं समजावू?
— एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : अगं, साडेचार वर्षांच्या मुलाला तू भरवतेस?

बाकीचं पत्र नेहमीचंच आहे, मी अडकले ती इथे. का भरवतेस तेही ठाऊक आहे. तो वरण सांडतो, वेळ लावतो आणि तुला ओटा आवरायचा असतो. सकाळी बालमंदिरात पाणी ओतणाऱ्या हातांवर रात्री आईचाच भरवसा नाही, मग आजीने का ठेवावा?

त्या ओतण्यात काय चाललंय ते बघ तरी. मनगट वळतं, बोटं भार तोलतात, नजर धारेवर राहते, कुठे थांबायचं ते तोच ठरवतो. उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. चूक दाखवायला बाई लागत नाहीत, ओली फरशी दाखवते, आणि पुसायची त्यानेच. हात बसला की आपणहून दुसरं काही उचलेल. पहिलीला सहा पूर्ण लागतात, दीड वर्ष आहे अजून. (त्या शेजारच्याला एकदा सात लिंबं मोजून आणायला सांग. आणली तर छानच, पण लिहिणं वेगळं आणि मोजणं वेगळं.)

परदेशी म्हणशील तर माँटेसरीबाईंनी रोममध्ये पहिलं बालगृह १९०७ साली उघडलं, हे खरं. पण १९२० साली आपल्या भावनगरात बालमंदिर काढलं ते वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी. लोक त्यांना 'मुछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. तिथे त्यांच्या जोडीला आपल्या ताराबाई मोडक होत्या. पुढे ताराबाईंनी हेच काम बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेलं. सासूबाईंना हे सांगितलंस तर मान डोलावतील आणि पुन्हा शंभरावर येतील. म्हणून सांगूच नकोस.

भरवणं आजपासून बंद. रविवारी पंगत बसली की ताकाचा छोटा जग त्याच्या हातात दे आणि आजीच्या वाटीत वाढू दे. मधे हात घालायचा नाही, "सांभाळून" म्हणायचं नाही. फडकं त्याच्या हाताला येईल असं ठेव. असे चार रविवार जाईपर्यंत यजमानांपाशी शाळेचा विषय काढू नकोस.

आणि जग स्टीलचा नको, चिनी मातीचा घे. फुटतो हे कळलं की मुलं जपून धरतात. तुझा जीव वरखाली होईल. तेवढा वेळ स्वयंपाकघरात पोळ्या लाटत बस.