बाबांचा कॅमेरा आणि उघडीबोडकी सावर

प्रश्न : माझे बाबा नोव्हेंबरमध्ये गेले. त्यांचा जुना डीएसएलआर माझ्याकडे आहे, त्याला साधी 18-55 लेन्स आहे. आई म्हणते बाहेर पड, फोटो काढ, बरं वाटेल. म्हणून चार-पाच वेळा सकाळी टेकडीवर गेले पण सगळं वाळलेलं, धुरकट, पिवळं गवत आणि उघडी झाडं, घरी येऊन बघितलं तर एकही फोटो ठेवावासा वाटेना. ओळखीचे सगळे भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो आणतात. मोठी लेन्स घ्यावी का? आणि खरं सांगा, अशा वेळी याला काही अर्थ आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, लेन्स आत्ता घेऊ नका. भिगवण सुंदरच आहे, उजनी धरणाच्या पाण्यावर पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) उतरलेले बघणं हा वेगळाच आनंद, पण तिथे पुढच्या वर्षीही जाता येईल. तुम्हाला आत्ता हवंय ते घराजवळचं एक झाड, ज्याच्याकडे परत परत जाता येईल.

माझी आई गेली त्या वर्षी मी एक काटेसावर धरली होती, कालव्याच्या कडेची. जानेवारीत तिच्यावर एक पान नव्हतं, आणि मी ती वाळलीच असं धरून चालले होते, पण कॅमेऱ्यात फोटो मोठा करून बघितला तर फांद्यांवर काळपट गोल गोल बोंडं दिसली, कळ्या होत्या त्या! पानगळ म्हणजे झाड मरणं नाही हो, पुढे कोरडे महिने असतात म्हणून पाणी वाचवायला ते पानं टाकतं, आणि पानं नसली की लाल फुलं पाखरांना लांबून दिसतात. पळस आणि पांगाराही साधारण असेच फुलतात. मी मात्र त्या फांद्यांचे फोटो डिलीट करणार होते.

फेब्रुवारीत सावर फुलली की तिथे अक्षरशः बाजार भरतो. फुलात मध असतो, तो प्यायला साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, खारी आणि भोरड्यांचे थवे येतात. भोरड्या म्हणजे त्या गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना, मध्य आशियाकडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात, त्यामुळे सावर-पळसाचा मध म्हणजे त्यांची निघण्याआधीची शिदोरीच.

आता कामाचं. 18-55 ने पाखरू मोठं येणार नाही, नको येऊ दे. अख्खं झाड घ्या, निळ्या आभाळावर लाल फुलं घ्या, आणि खाली पडलेली फुलं तर जमिनीवर बसून अगदी जवळून घ्या, सावरीचं फूल आख्खंच्या आख्खं गळतं, जाड पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुपका. लाल रंग कॅमेऱ्यात लवकर जळतो, पाकळीवरच्या रेषा जाऊन नुसता डाग उरतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते कमी-जास्त करायची सोय) मायनस 0.7 वर, म्हणजे जरा गडद, ठेवून बघा. साडेआठच्या आत जा, नंतर ऊन फार कडक होतं. आणि दर रविवारी एकाच जागी उभं राहून एक फोटो काढाच, पायाखाली एखादा दगड खूण म्हणून ठेवा.

अर्थाचं विचारलंत. फोटो काढून दुःख जात नाही, माझं गेलं नाही, तसं सांगितलं तर ते खोटं होईल. पण त्या वर्षी आठवड्यात एक सकाळ अशी होती की मला कुठेतरी पोचायचं होतं, आज किती फुललं असेल ही उत्सुकता होती, आणि कित्येक दिवसांत उत्सुकता अशी कशाचीच वाटली नव्हती.

बाबांचं मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका, त्यातले फोटो पुसले जातील, नवीन कार्ड घाला. आणि ते टेकडीवरचे नावडते फोटोही राहू द्यात, त्यातली झाडं जरा मोठी करून बघा, कळ्या दिसतायत का ते. एप्रिलच्या सुमारास सावरीची फुलांनंतर धरलेली बोंडं फुटून कापूस उडायला लागेल, तोपर्यंतचे सगळे रविवार झाले की मला जरूर कळवा.