मुंबईतल्या रोजच्या मराठीत व्याकरणाच्या कोणत्या चुका लोकांना सगळ्यांत जास्त खटकतात? सोसायटीच्या सूचना लिहिताना काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी बोलणं मराठीत, आणि आता सोसायटीचे सचिव झाल्यामुळे फळ्यावर आणि व्हॉट्सॲपवर मराठीत सूचना लिहाव्या लागतात. दर वेळी कुणी ना कुणी चूक काढतं. मग सुरुवात कुठून करायची?

ऱ्हस्व-दीर्घापासून तर मुळीच करू नका. बहुतेक जण तिथेच हात घालतात आणि आठवड्याभरात सोडून देतात. आधी तोडलेले शब्द जोडा. ‘गच्ची वर’, ‘लिफ्ट मध्ये’, ‘गेट समोर’, ‘त्या मुळे’, ‘सभासदां साठी’ हे सगळं एकत्र लिहायचं: गच्चीवर, लिफ्टमध्ये, गेटसमोर, त्यामुळे, सभासदांसाठी. हिंदीत ‘छत पर’ सुटं लिहितात, आणि मुंबईत डोळ्यांसमोर हिंदी पाट्या इतक्या असतात की हात आपोआप जागा सोडतो. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना आधीच्या शब्दाचं रूपच बदलतं. ‘पाण्यासाठी’मधला ‘पाण्या’ एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून तो सुटा लिहिता येत नाही. शब्द इंग्रजी असला तरी नियम हाच. ‘वर या’ यातलं ‘वर’ मात्र सुटं, कारण ते कुठल्याच शब्दाला लागलेलं नाही. फोनचा कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की पुढे स्वतःहून जागा सोडतो. ती खोडून मगच ‘मध्ये’ टाइप करा. निम्म्या चुका या एका सवयीने जातील.

दुसरी गोष्ट रफाराची, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर बसणाऱ्या ‘र्’ची. मुंबईत हल्ली सगळ्यांत जास्त लिहिला आणि सगळ्यांत जास्त चुकवला जाणारा शब्द म्हणजे पुनर्विकास. फ्लेक्सवर, बिल्डरच्या पत्रकात, अगदी सभेच्या इतिवृत्तातसुद्धा ‘पुर्नविकास’ दिसतो. मूळ शब्द ‘पुनर्’, त्याला ‘विकास’ जोडला. ‘र्’चा उच्चार ज्या अक्षराच्या आधी होतो, त्याच अक्षराच्या डोक्यावर रफार बसतो, म्हणून तो ‘वि’वर. टाइप करताना क्रम असा: पु, न, र, पाय मोडायचं चिन्ह, मग वि. रफार आपोआप जागेवर जातो. पुनर्वसन तसंच. लग्नपत्रिकेतला ‘आर्शिवाद’सुद्धा याच घरातला, बरोबर शब्द आशीर्वाद, ‘शी’ दीर्घ आणि रफार ‘वा’वर.

जोडाक्षरांत दोन ठिकाणी हमखास घसरतं. ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’, ‘सुध्दा’ यांत आधी द आणि मग ध हवा: शुद्ध, प्रसिद्ध, सुद्धा. आणि बॅनरवरचं ‘उद्धाटन’. त्यात ध नाहीच, घ आहे: उद्घाटन. अक्षरं एकमेकांत अडकली की घ आणि ध सारखेच दिसतात, त्यामुळे छापखान्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अनुस्वाराचे दोन नियम पुरतात. अनेकवचनाला प्रत्यय लागला की त्याच्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार येतो: सर्वांनी, मुलांना, रहिवाशांचे. ‘सर्वानी’ चूक. आदरार्थी बोलताना माणूस एकच असला तरी ‘अध्यक्षांनी’ असंच. दुसरं, ‘काय झाल’, ‘पाणी आल का’ असं लिहू नका. बोलीतलं रूप लिहायचं तर ‘झालं’, ‘आलं’ असा अनुस्वार हवाच. औपचारिक सूचनेत ‘झाले’, ‘आले’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. उलट, एखाद्या जुन्या चाळीच्या पाटीवर ‘नांव’, ‘गांव’ दिसलं तर त्याला हसू नका. उच्चारात नसलेले ते अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी काढून टाकले. त्याआधी तसंच लिहीत. तेव्हा 14 नियम होते, 1972 मध्ये आणखी 4 आले, आणि आज प्रमाणलेखन म्हणून चालतात ते हेच 18.

आता ऱ्हस्व-दीर्घ. सगळं पाठ करायची गरज नाही. शब्दाच्या शेवटी ई-ऊ आले तर ते दीर्घ: की, तू, करू, सुरू, पाणी, गती. ‘काम सुरु आहे’ आणि ‘कि’ या चुका इतक्या पसरल्यात की बरोबर लिहिणाऱ्यालाच शंका येते. अपवाद थोडे: आणि, नि, परंतु, तथापि.

शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: वाहतूक, निवडणूक, मिरवणूक, बहीण, जाहीर, माहीत. पण प्रत्यय लागून शब्द वाढला की तोच ऱ्हस्व होतो: वाहतुकीची, निवडणुकीत, बहिणीला. म्हणजे ‘वाहतुक’ही चूक आणि ‘वाहतूकीची’ही चूक. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तरी आधीचं ऱ्हस्व: जुना, किडा, सुरू.

हे सगळं मराठी शब्दांना लागू. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आतून आपली मूळ चाल सोडत नाहीत, आणि तुमच्या फळ्याच्या माथ्यावरचा शब्द नेमका तसलाच आहे. ‘सूचना’तला सू दीर्घ. ‘सुचना’ मोठ्या अक्षरांत रंगवलेली असेल तर आधी तो रंग बदलून घ्या. परीक्षा, क्रीडा, पूजा यांचंही तेच. नागरिक आणि आर्थिक यांत ‘इक’ ऱ्हस्व. असे शब्द सामासिक शब्दात आधी आले आणि त्यांचा शेवटचा इकार संस्कृतात मुळात ऱ्हस्व असला, तर तोही ऱ्हस्वच राहतो: मंत्री पण मंत्रिमंडळ, बुद्धी पण बुद्धिबळ, गती पण गतिरोधक. रस्त्यावर ‘गतीरोधक’ लिहिलेलं दिसलं तर ते या नियमात आपटलेलं असतं.

एक किरकोळ पण नेहमी लागणारा नियम: ‘सा’ने संपणारा पुल्लिंगी शब्द प्रत्ययाआधी ‘शा’ होतो, ‘श्या’ नाही. पैसा, पैशाचे. ‘जा’ तर तसाच राहतो: दर्जाचे, दरवाजात.

समजा, मसुदा असा आहे: ‘सर्व सभासदांना कळवण्यात येते कि पुर्नविकासा संबंधी रविवारी गच्ची वर बैठक आहे. तरी सर्वानी उपस्थीत रहावे.’ दोन छोट्या वाक्यांत सात चुका. दुरुस्त करून: ‘सर्व सभासदांना कळवण्यात येते की पुनर्विकासासंबंधी रविवारी गच्चीवर बैठक आहे. तरी सर्वांनी उपस्थित राहावे.’ ‘राहावे’ यासाठी की मूळ क्रियापद राहणे, तसंच पाहावे. नुसती आज्ञा करताना ‘रहा’, ‘पहा’ चालतं.

बोलण्यातल्या चुका वेगळ्या जातीच्या, आणि माझ्या मते जास्त गंभीर, कारण काही ठिकाणी अर्थच फिरतो. ‘अध्यक्ष मला बोलले’ याचा मराठीत अर्थ ते मला रागावले. निरोप द्यायचा असेल तर ‘अध्यक्षांनी मला सांगितलं’. त्यांचे शब्द द्यायचे तर ‘ते म्हणाले’. गप्पा झाल्या असतील तर ‘ते माझ्याशी बोलले’. हिंदीत ‘बोला’ने तिन्ही कामं निभतात, म्हणून मुंबईत हा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ‘जेवण केलं का?’ हेही तसलंच. हा प्रश्न स्वयंपाक झाला का असाही ऐकू येतो, ‘जेवलात का?’ विचारा.

‘माझी मदत करा’ नव्हे, ‘मला मदत करा’. ‘त्याच्यासोबत भांडण झालं’ म्हणजे दोघं मिळून तिसऱ्याशी भांडले की काय? भांडण, लग्न, बोलणं, ओळख ही सगळी ‘त्याच्याशी’. सोबत फक्त जाण्या-येण्या-राहण्याची. लिंगही हिंदीमुळे बदलतं: व्यक्ती मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून पुरुषाबद्दलसुद्धा ‘ती व्यक्ती आली’. आवाज पुल्लिंगी, म्हणून ‘आवाज आला’. वेळेची मात्र गंमत आहे. ‘बराच वेळ गेला’ आणि ‘निघायची वेळ झाली’ दोन्ही बरोबर; कालावधी पुल्लिंगी, ठरलेला क्षण स्त्रीलिंगी.

‘चला, आम्ही जाऊ या’ हे ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतं. ऐकणारा सोबत धरलेला असेल तर ‘आपण’, त्याला वगळलं असेल तर ‘आम्ही’. सचिव म्हणून हा फरक तुम्हाला रोज लागेल. ‘आम्ही पैसे भरू’ म्हणजे समिती भरणार, ‘आपण पैसे भरू’ म्हणजे प्रत्येकाच्या खिशाला हात.

चूक काढणारे सगळेच बरोबर असतात असं नाही. मालवणी, आगरी किंवा वैदर्भी वळणाने बोलणारा चुकत नसतो. त्या बोलींना त्यांचं व्याकरण आहे. बाईने ‘मी गेली’ म्हटलं तर प्रमाण मराठीत ते ‘मी गेले’ हवं, तेव्हा लिहिताना बदला, पण कुणाला चारचौघांत मध्येच तोडून सुधारू नका. ‘लिफ्ट’ला उद्वाहक लिहा म्हणणाऱ्याकडेही लक्ष देऊ नका. तो व्याकरणाचा मुद्दाच नाही, आणि लिफ्ट बंद असेल त्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या आजींना सूचना एका नजरेत कळली पाहिजे. ‘मी करेन’ ऐकून कुणी ‘करीन म्हणा’ असं म्हणालं, तर त्याची बाजू परंपरेची आहे: सकर्मक क्रियापदाला ‘ईन’, अकर्मकाला ‘एन’, म्हणून करीन पण बसेन. आज दोन्ही रूपं सर्रास लिहिली जातात. एका पत्रकात एकच ठेवा, एवढंच.