गाठ, थक्का की साकळलेलं रक्त?

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय : "सासऱ्यांना 'क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा' झालाय. घरात कोणी गाठ म्हणतं, कोणी थक्का, कोणी सरळ ब्रेन हॅमरेज. मराठीत नेमकं काय म्हणायचं? शिवाय डॉक्टर 'नस ब्लॉक करू' म्हणाले, त्याने सासूबाई घाबरल्यात."

ताई, 'गाठ' आधी सोडा. गाठ म्हटलं की ऐकणारा थेट कॅन्सरपर्यंत पोचतो. 'थक्का' आपल्या इंदुरी बोलण्यात हिंदीतून आला, "थक्का जमून राहिलाय" असं आपण सर्रास म्हणतो. पण थक्का म्हणजे घट्ट गोळा. या आजारात मेंदूच्या आवरणाखाली साठलेलं रक्त बहुधा पातळ झालेलं असतं, इंजिनातल्या जुन्या ऑइलसारखं काळपट. म्हणून तर कवटीला छोटं भोक पाडून ते काढता येतं. मराठीत यासाठी अस्सल क्रियापद आहे, साकळणे. बोट दारात चेंगरलं की नखाखाली रक्त साकळतं, ते हेच.

'हॅमरेज' ऐकून लोकांना अचानक कोसळलेला माणूस दिसतो. इथे रक्त मेंदूच्या आत नसून बाहेर, आवरणाखाली असतं. उतारवयात डोक्याला किरकोळ मार लागतो आणि त्रास कित्येकदा काही आठवड्यांनी सुरू होतो. 'क्रॉनिक'चं 'जुनाट'ही करू नका. जुनाट खोकला म्हणजे पिच्छा न सोडणारा; इथे तो शब्द फक्त रक्ताचं वय सांगतो, साधारण ३ आठवड्यांहून जुनं.

आता ब्लॉक. हृदयातला ब्लॉक हा रोग, इथे तोच उपचार, त्यामुळे सासूबाईंचं घाबरणं साहजिक आहे. साकळलेल्या रक्ताभोवती पातळ पडदा धरतो, त्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या झिरपत राहतात आणि रक्त पुन्हा साठतं. त्यांना रक्त पुरवणारी आवरणाची धमनी, मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन, आतून बुजवतात. मेंदूला रक्त देणाऱ्या धमन्या वेगळ्या. 'नस' म्हटलं की हा फरक पुसला जातो.

२०२४ साली अमेरिकेतल्या 'एम्बोलाइझ' चाचणीचे निष्कर्ष आले. ४०० रुग्ण होते. नुसत्या ऑपरेशननंतर ९० दिवसांत ११.३ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागलं, धमनीही बुजवली तिथे ४.१ टक्के. पण काहींना या उपायातून गंभीर त्रासही झाला. त्याच वर्षीच्या चीनमधल्या ७२२ रुग्णांच्या चाचणीत फरक मात्र ठाम म्हणण्याइतका निघाला नाही. आणि 'एम्बोलाइझ'च्या या ४०० रुग्णांत धमनी बुजवण्याचा उपाय ऑपरेशनच्या जोडीला होता, ऑपरेशनऐवजी नव्हे. सासऱ्यांचं यातलं काय ठरलंय ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सासूबाईंना एवढंच सांगा : "बाबांच्या मेंदूच्या आवरणाखाली जुनं रक्त साकळलंय. ते पुन्हा साकळू नये म्हणून आवरणाची धमनी बुजवणार आहेत, मेंदूची नाही."