ब्लूज गिटार शिकायला आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आधी कान तयार करा. बी. बी. किंगचा १९६४ साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह ॲट द रीगल’ हा अल्बम लावा. किंगची गायलेली ओळ संपली की त्याची गिटार उत्तर देते. हा सवालजवाब कळला की अर्धं काम झालं. मग शिकागो ब्लूजवाला मडी वॉटर्स. रॉबर्ट जॉन्सन (ध्वनिमुद्रणं १९३६-३७) सगळे आधी सुचवतात, पण त्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या खरखरीनं नवखा पळतो. तो नंतर.

वाजवायला ए, डी, ई हे तीन सेव्हन्थ कॉर्ड (ए७, डी७, ई७) पुरे. बारा बार (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा) असे: चार ए, दोन डी, दोन ए, मग ई, डी, ए, ई एकेक. पायाने ठेका धरून, अगदी संथ.

सोलोसाठी पाचव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) ए मायनर पेंटाटोनिक, म्हणजे पाच स्वरांची मालिका. गाणं शिकला असाल तर हे धानी रागाचेच स्वर. गंमत खरी बेंडमध्ये, म्हणजे तार ताणून स्वर चढवण्यात: तिसरी तार, सातवा फ्रेट, अनामिका ठेवून मागे दोन बोटांचा आधार द्या आणि तार वर ढकला. नवव्या फ्रेटचा स्वर यायला हवा, म्हणून तो आधी वाजवून कानात घ्या. मी महिनाभर अर्धवटच चढवत होतो. घरचे बिचारे काही बोलले नाहीत.