आकारा गच्च, जोलोफ आंबट, सुयाचे गोळे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : नायजेरियातला आकारा करून पाहिला. चवळी भिजवली, सालं काढली, वाटून तळली. गोळे आतून गच्च झाले, शिवाय तेलही प्यायले. कुठे चुकलं?

उत्तर : वाटताना पाणी जास्त पडलं आणि नंतर फेटणं कमी झालं. आकाऱ्यात सोडा नसतो, यीस्टही नसतं. वाटणात कोंडलेली हवाच त्याला फुलवते, आणि पातळ वाटणात ती टिकत नाही.

२५० ग्रॅम चवळी आधी अर्धा तासच भिजवा, हातांनी चोळा, वर तरंगणारी सालं ओतून टाका. सोललेले दाणे पुन्हा दोन-तीन तास भिजू द्या. पाणी पूर्ण निथळून वाटा. मिक्सर अडला तर एकेक चमचा पाणी घाला, पाच-सहा चमच्यांच्या पुढे जाऊ नका. मग लाकडी चमच्याने एकाच दिशेने सात-आठ मिनिटं दणकून फेटा. वाटण पांढरट, हलकं दिसू लागेल. त्यातला थेंब वाटीभर पाण्यात सोडा. तरंगला तर झालं, बुडाला तर आणखी फेटा.

कांदा आणि तिखटजाळ अता रोडो मिरची बारीक चिरून तळायच्या वेळेस घाला, मीठ तर अगदी शेवटी. मीठ कांद्याचं पाणी सोडवतं आणि एवढी मेहनत करून घट्ट ठेवलेलं वाटण दहा मिनिटांत सैल पडतं. तेल साधारण १७५ अंश सेल्सिअस हवं आणि गोळा तरंगेल इतकं खोल. तेल कोमट असेल तर गोळा ते पितो, फार कडकडीत असेल तर वरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. फेटलेलं वाटण ठेवून देऊ नका, हवा निघून जाते. चवळीचं तयार कोरडं पीठ आम्ही सुचवणार नाही, त्याला तो हलकेपणा येत नाही.

नायजेरियात हा सकाळचा पदार्थ. सोबत आंबवलेल्या मक्याची पेज, म्हणजे ओगी, नाहीतर पाव. घानात यालाच कोसे म्हणतात. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर तो ब्राझीलच्या बाहियात पोचला. तिथे पाम तेलात तळलेला अकाराजे आजही रस्त्यावर विकला जातो.

प्रश्न : जोलोफ भात आंबट लागतो. खाली करपतो आणि वर मात्र शितं टचटचीत राहतात.

उत्तर : आंबटपणा येतो तो कच्च्या टोमॅटोचा. दोन कप तांदळाला चार टोमॅटो, दोन लाल ढोबळी मिरच्या, एक कांदा आणि एक तिखट मिरची वाटून घ्या. हे वाटण आधी पाणी आटेपर्यंत उकळा. दुसरीकडे तेलात कांदा परतून त्यात तीन चमचे टोमॅटो पेस्ट पाच मिनिटं खमंग परता, रंग गडद व्हायला हवा. मग आटलेलं वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, शिजवा. घाईत सगळ्यात आधी हीच पायरी गाळली जाते. थाइम, तमालपत्र आणि करी पावडरही इथेच.

नायजेरियात लांब दाण्याचा उकडा तांदूळ वापरतात, तो गिचका होत नाही. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. तांदूळ घातल्यावर मांसाचं किंवा भाजीचं उकळतं पाणी तांदळाला जेमतेम लागेल इतकंच ओता. वरची शितं टचटचीत राहतात ती वाफ निसटल्यामुळे, म्हणून झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल घट्ट बसवा आणि आच अगदी मंद ठेवा. साधारण अर्ध्या तासात एकदाच, तळापासून वर, हलकेच हलवा. लग्नसमारंभातल्या जोलोफला लाकडाच्या चुलीचा धुरकट वास असतो. तो हवा असेल तर शेवटची तीन मिनिटं आच वाढवा आणि भाताला हात लावू नका.

जोलोफ हे नाव सेनेगल भागातल्या वोलोफ लोकांवरून आलं. सेनेगलच्या चेबुजेनला, म्हणजे मासे आणि भात एकत्र शिजवण्याच्या परंपरेला, २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. तिथे तळाची खरवड आवडीने वाढली जाते. तेव्हा थोडं लागलं म्हणून हळहळू नका. कडू झालं तरच तो करपलेला भात.

प्रश्न : सुया म्हणजे मसाला लावून भाजलेलं मांस, त्याच्या मसाल्याचे गोळे होतात. शेंगदाणे तर ताजे भाजले होते.

उत्तर : शेंगदाण्याचं तेल सुटलं. उत्तर नायजेरियातले हौसा लोक सुयासाठी कुली-कुली कुटतात. भाजलेले दाणे वाटून, पिळून तेल काढायचं आणि उरलेल्या चोथ्याच्या वड्या तळायच्या, ती कुली-कुली. ती नसेल तर दाणे थंड करून मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा आणि कूट कापडात घट्ट पिळा. १०० ग्रॅम कुटाला दोन चमचे सुंठ, दीड चमचा तिखट, एक चमचा कांद्याची पूड, मीठ. मांस आडव्या धाग्याने तीन-चार मिलिमीटर जाडीचं कापा. जाड तुकडा शिजेपर्यंत वरचा मसाला जळतो.

प्रश्न : घानातल्या वाचेला, म्हणजे चवळी घातलेल्या भाताला, तो तांबूस रंग कशाने येतो?

उत्तर : ज्वारीच्या सुकलेल्या पर्णदेठांनी. ते धुऊन चवळीबरोबर पहिल्यापासून उकळत ठेवा, चवळी निम्मीअधिक शिजली की तांदूळ घाला. एक कप चवळीला दोन कप तांदूळ पुरे. देठ वाढण्याआधी काढून टाका. सोबत शितो ही काळी तिखट चटणी, गारी म्हणजे कसाव्या कंदाचा भाजलेला रवा, आणि उकडलेलं अंडं.